पोस्टकार्डावरची मुंबई

तीन वर्षांपूर्वी वाई येथील आमच्या घराण्याचा वडिलोपार्जित वाडा विकला गेला. वाटणीदार अकरा आणि त्यांपैकी वाईत राहणारा एकही नाही. तेव्हा दुसरा मार्गही नव्हता. खरेदीखतावर सही करण्यापुरती रजा काढून आम्ही गेलो. भांडी, पाट, देव्हारा यांची वाटणी झाली. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीवर मात्र कोणी हक्क सांगितला नाही. तीत जुनी पंचांगे, पावत्या आणि कसर लागलेली एक पोथी होती. रद्दीवाला दारात उभा असताना आमच्या चुलतभावाने ती पेटी वरवर चाळली, काही कागद पिशवीत भरले आणि ‘दादा, तुम्हांला जुन्याचा नाद आहे, तुम्हीच घेऊन जा’ असे म्हणून ती पिशवी आमच्या हाती दिली. त्या पिशवीत एक चित्रपोस्टकार्ड निघाले. प्रस्तुत लेखाचा सारा प्रपंच त्या एका कार्डामुळे घडला आहे.

कार्डाच्या एका बाजूस मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाचे रंगीत चित्र आहे. आकाश नको इतके निळे, समोरच्या रस्त्यावर दोन घोडागाड्या आणि काही पाठमोरी माणसे. वरच्या मजल्यावरील एका खिडकीवर काळ्या शाईने बारीकशी फुली मारलेली आहे. दुसऱ्या बाजूस उजवीकडे आमच्या पणजोबांच्या थोरल्या बंधूंचे नाव आणि वाईचा पत्ता बाळबोध लिपीत असून डावीकडे मोडीत आठ ओळी आहेत. टपालाच्या शिक्क्यातून १९११ हे साल तेवढे स्पष्ट वाचता येते. पणजोबा जी. आय. पी. रेल्वेच्या कचेरीत कारकून होते एवढे आम्ही ऐकून होतो. त्यांचे हस्ताक्षर आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले आणि ते आम्हांला वाचता आले नाही.

आम्ही इतिहासाचे संशोधक नव्हे. बी. ए. ला इतिहास हा विषय होता, इतकेच आमचे भांडवल. पुढील तीस वर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीच्या गावोगावी, फायलींच्या सहवासात गेली. परंतु त्या फुलीने आम्हांला स्वस्थ बसू दिले नाही. सुटीच्या दिवशी जुन्या बाजारात फिरून महायुद्धापूर्वीच्या मुंबईची चित्रपोस्टकार्डे गोळा करण्याचा छंद तेव्हापासून लागला. दिल्लीत दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात, कलकत्त्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, लखनौच्या एका भंगारवाल्याकडे अशी आजवर साठ-सत्तर कार्डे जमली आहेत. मुंबईत मात्र आमच्या हाती फक्त चार लागली. याचे आम्हांला प्रथम नवल वाटले. नंतर विचार करता त्यात नवल करण्याजोगे काही नाही हे ध्यानात आले. पोस्टकार्ड हे गावाबाहेर धाडण्यासाठीच घेतलेले असते. मुंबईचे चित्र मुंबईकर मुंबईकराला कशाला पाठवील? ते जाते दूरच्या माणसाकडे आणि दूरच राहते. जुन्या मुंबईचे चित्र असे मुंबईबाहेर विखुरलेले आहे. या गोष्टीचा आपल्यासारख्या, घरापासून दूर राहणाऱ्या मंडळींशी काय संबंध आहे, हे शेवटी सांगू. आरंभी त्या कार्डांची ओळख करून देतो.

पोस्टकार्डाची कल्पना ऑस्ट्रियाची. तेथील टपालखात्याने १ ऑक्टोबर १८६९ रोजी पहिले कार्ड विक्रीस काढले. आपल्याकडे १८७९ साली ते पाव आण्यास, म्हणजे एका पैशास मिळू लागले आणि ज्याला पाकिटाचा खर्च परवडत नव्हता तो माणूसही पत्र लिहू लागला. त्या सरकारी कार्डावर चित्र नसे. चित्रांची कार्डे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि पुढील पंधरा-वीस वर्षे त्यांनी जगाला अक्षरशः वेड लावले. मुंबईत क्लिफ्टन आणि कंपनी, फोटोटाइप कंपनी यांसारख्या संस्था ती काढीत. छायाचित्र मुंबईत घेतले जाई, पण पुष्कळ कार्डांची छपाई जर्मनीत होई, कारण रंगीत छपाईत जर्मन कारागिरांचा हातखंडा होता. मूळ छायाचित्र कृष्णधवल. त्यात रंग भरणाऱ्याने मुंबई कधी पाहिलेली नसे. त्यामुळे आमच्या संग्रहातील एका कार्डावर क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या हमालाचे मुंडासे जांभळे आहे, तर दुसऱ्यावर तेच मुंडासे हिरवे आहे. रंगांवर विश्वास ठेवू नये हा या छंदातला पहिला धडा. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, जर्मनीशी व्यापार तुटला आणि या कार्डांचा बहर ओसरला. युद्धपूर्व मुंबई म्हटली की तिचे चित्र मनात रंगीत कार्डाचे उभे राहते, त्याचे कारण हेच.

कार्डाचा काळ ठरवावयाचा कसा? शिक्का वाचता आला तर प्रश्नच नाही. तो नसेल तर कार्डाची पाठ पाहावी. आरंभी पाठीवर फक्त पत्ता लिहिण्याची मुभा होती; मजकूर लिहावयाचा तो चित्राच्या कडेला, मिळेल त्या जागेत. इंग्लंडात १९०२ साली पाठ उभी दुभागून अर्ध्या भागात मजकूर लिहिण्यास परवानगी मिळाली आणि ती पद्धत पुढे आपल्याकडेही आली. पाठीने साक्ष दिली नाही तर मग चित्रातील रस्ता आणि इमारती यांना विचारावे. ट्रामला घोडे जुंपलेले असतील तर चित्र विजेच्या ट्रामच्या आधीचे, कारण मुंबईत घोड्याची ट्राम १८७४ साली आली आणि विजेची १९०७ साली. ट्राम दुमजली दिसली तर १९२० नंतरचे. मोटारबस दिसली तर १९२६ नंतरचे, कारण त्या वर्षी १५ जुलैला शहरात पहिली बस धावली. अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उभे आहे पण गेट वे ऑफ इंडियाचा पत्ता नाही, असे कार्ड १९०३ नंतरचे आणि १९२४ पूर्वीचे. हा हिशेब आम्हांला कचेरीतील नोंदवह्यांच्या तपासणीसारखा वाटतो: दोन नोंदी जुळल्या की तिसरी आपोआप सापडते.

पुतळेही असेच उपयोगी पडतात. फ्लोरा फाउंटनजवळ संगमरवरी छत्रीखाली बसलेली व्हिक्टोरिया राणी अनेक कार्डांवर आहे. नोबल नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मुंबईस भेट दिला आणि १८७२ साली त्याचे अनावरण झाले. त्यापलीकडे युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. त्याच्या घोड्यामुळे तो सारा परिसर ‘काळा घोडा’ झाला. हे दोन्ही पुतळे आज मूळ जागी नाहीत. घोडा आणि स्वार १९६५ साली तेथून हलविले गेले. आता भायखळ्याच्या राणीच्या बागेलगतच्या आवारात राणी आणि युवराज दोघेही आहेत. काळ्या घोड्याचे नाव मात्र घोडा गेल्यावरही टिकले. पुतळा सरकारी ठरावाने उठविता येतो, लोकांनी ठेवलेले नाव तसे उठविता येत नाही.

आता कार्डांवरील त्या भव्य इमारतींकडे वळू. मुंबईचा किल्ला तटबंदीने वेढलेला होता. बार्टल फ्रिअर १८६२ साली गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांच्या कारकिर्दीत ते तट पाडण्यात आले. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध संपताच तो पूर ओसरला, अनेक पेढ्या बुडाल्या. परंतु तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर उभारण्याचा संकल्प टिकून राहिला. कार्डांवर आपण पाहतो ते शहर या संकल्पातून निर्माण झाले. क्रॉफर्ड मार्केट १८६९ चे. उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ चे. बोरीबंदर स्थानकाचे काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षांनी पुरे झाले. खर्च सुमारे १६ लाख रुपये. महापालिकेची इमारत १८९३ ची. टोकदार कमानी, दगडी वेलबुट्टी, खांबांच्या माथ्यावर पाने, पक्षी आणि माकडे ही या साऱ्यांची शैली. तिला गॉथिक म्हणतात. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी शैली पालटली. १९१३ साली पुरे झालेले मोठे टपालघर आणि त्यानंतरचे प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय यांच्या घुमटांची प्रेरणा विजापूरची आहे. इंग्लंडातून कमानी आणणाऱ्या सरकारला दख्खनचा घुमट हाकेच्या अंतरावर आहे हे कळावयास चाळीस वर्षे लागली.

कार्डाच्या तळाशी इमारतीचे नाव इंग्रजीत छापलेले असते. बांधणाऱ्याचे नाव कधीच नसते. पुस्तकांतून ते शोधावे तर स्टीव्हन्स, स्कॉट, इमर्सन, विटेट अशी नावे मिळतात आणि ती मानाची आहेत यात शंका नाही. परंतु सर गिल्बर्ट स्कॉट यांनी राजाबाई मनोऱ्याचा आराखडा लंडनमध्ये बसून केला. ते मुंबईस कधी आलेच नाहीत. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावे दिलेल्या देणगीतून हा २८० फूट उंचीचा मनोरा उभा राहिला तो येथल्या माणसांच्या हातून. त्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे चोवीस दगडी पुतळे आहेत. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्यांनी तयार केले. दुर्बीण लावल्याखेरीज रस्त्यावरून ते नीट दिसत नाहीत आणि पोस्टकार्डावर तर त्यांचे निव्वळ ठिपके होतात. त्या ठिपक्यांत आपल्या मुलखाची माणसे आहेत आणि ती आपल्याच माणसाने उभी केली आहेत, हे आम्हांला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते.

बोरीबंदरच्या बांधकामात स्टीव्हन्स यांच्याबरोबर सीताराम खंडेराव वैद्य हे अभियंते होते. नक्षीकामात मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. हेच वैद्य पुढे ताजमहाल हॉटेलचे वास्तुशिल्पी झाले, डी. एन. मिर्झा हे त्यांचे सहकारी. काम पुरे होण्याआधीच वैद्य निवर्तले आणि चेंबर्स या इंग्रज वास्तुशिल्प्याने ते तडीस नेले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. गेट वे ऑफ इंडियाचा आराखडा विटेट यांचा, पण बांधकामावर देखरेख रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई यांची. दगडही मुख्यत्वे घरचाच: कुर्ल्याचा, मालाडचा, खरोडीचा. तेव्हा ही कार्डे पाहताना ‘साहेबाची मुंबई’ असे म्हणून हात झटकणे आम्हांला रास्त वाटत नाही. सत्ता साहेबाची होती, पैसा पुष्कळसा येथल्या व्यापाऱ्यांचा होता, दगड येथला होता आणि हात येथले होते. श्रेयाच्या यादीत शेवटची दोन नावे गाळली गेली, इतकेच.

आता या चित्रांची दुसरी बाजू. जे कार्डावर नाही ते कोणते? आमच्या संग्रहात बोरीबंदरची नऊ कार्डे आहेत. गिरणीच्या धुराड्याचे एकही नाही. १८५०-६० च्या दशकापासून ज्या गिरण्यांनी मुंबईला पोसले आणि कोकण-घाटावरील आपल्या लाखो माणसांना भाकरी दिली, त्या कार्डवाल्यांच्या नजरेस आल्या नाहीत. काळबादेवीच्या, भेंडीबाजारच्या रस्त्याची चित्रे मिळतात. त्यांखाली ‘नेटिव्ह टाउन’ असे छापलेले असते. चाळीच्या आत कॅमेरा जात नाही. गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसू लागला, त्याचे चित्र साहेब विलायतेस कशाला पाठवील? १८९६ साली प्लेग आला, घरे ओस पडली, रस्ते रुंद करून दाट वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ साली सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्या मंडळाने काढलेले रस्ते. प्रिन्सेस स्ट्रीटचे देखणे कार्ड आमच्यापाशी आहे. पण हा सरळ रस्ता काढताना ज्यांची घरे मोडली त्यांची दखल घेण्यास त्यावर जागा नाही.

उच्च न्यायालयाचे एक कार्ड आमच्या विशेष आवडीचे आहे. त्यावर १९०८ चा शिक्का आहे. हिरवळ, दोन मनोरे, कोपऱ्यात एक भिस्ती. सगळे कसे निवांत. कोणा गोऱ्या बाईने बहिणीला लिहिले आहे की पाऊस फार झाला आणि कपडे वाळत नाहीत. त्याच वर्षी, त्याच इमारतीत, २२ जुलैच्या रात्री लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि गिरणगाव सहा दिवस बंद पडले. ते कार्ड हातात घेतले की आम्हांला नेहमी वाटते, चित्र खोटे बोलत नाही हे खरे, पण ते पुष्कळ वेळा गप्प बसते. गप्प बसलेल्या साक्षीदाराला प्रश्न विचारावे लागतात.

माणसे कार्डांवर येतात ती नमुना म्हणून: धोबी, भिस्ती, नाचणारी, गारुडी. त्यांना नाव नसते. या बाबतीत एक अपवाद सांगितला पाहिजे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे मुंबईच्या कलाशाळेतील नामवंत चित्रकार. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या लोकांची चित्रे असलेली कार्डे काढली. तेही नमुनेच आहेत. तथापि त्यांतील माणसांच्या चेहऱ्यावर काही भाव आहे, चालण्यात ऐट आहे, क्वचित थट्टाही आहे. ती पाहताना चित्रकाराला ही माणसे रस्त्यात भेटत असत, त्यांची बोली कळत असे, हे लगेच जाणवते. त्यांतील एक कार्ड आम्ही परवडणार नाही अशा किमतीस घेतले आणि ती किंमत घरी सांगितलेली नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांमधली मुंबई आणखी निराळी. आता दगडाऐवजी सिमेंट काँक्रीट आले, टोकदार कमानी जाऊन गोलाकार सज्जे आणि आडव्या पट्ट्या आल्या. कार्डेही बदलली, हाताने भरलेले रंग जाऊन खऱ्या छायाचित्राच्या तकतकीत काळ्यापांढऱ्या प्रती आल्या. जुन्या कार्डावर बॅकबेचा किनारा दिसतो तो समुद्र आणि रेल्वेचे रूळ यांनी जोडीने व्यापलेला. १९२० नंतर समुद्र हटवून नवी जमीन करण्यात आली. या योजनेतील उधळपट्टी आणि गैरकारभार चव्हाट्यावर आणण्याचे काम वीर नरिमन यांनी केले, हे जुन्या पिढीस आठवत असेल. त्या जमिनीवर मरीन ड्राइव्ह झाला. बोरीबंदर बांधणाऱ्या स्टीव्हन्स यांचे चिरंजीव चार्ल्स यांनी १९३३ साली रीगल चित्रपटगृह बांधले. बाप आणि लेक यांच्या या दोन इमारती शेजारी ठेवून पाहिल्या तर पन्नास वर्षांत मुंबईची चाल कशी बदलली हे व्याख्यानावाचून समजते.

या काळात वास्तुशिल्पी म्हणून आपली माणसे पुढे आली. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरील १९३७ ची ‘सूना महाल’ ही इमारत गजानन बाबूराव म्हात्रे यांची. सीताराम खंडेराव यांच्या पिढीला दुसऱ्याच्या हाताखाली नाव मिळवावे लागले. म्हात्रे यांच्या पिढीची पाटी स्वतःच्या दारावर लागली. याच शैलीची साधी, आटोपशीर घरे दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींत आणि शिवाजी पार्कच्या भोवती झाली. गिरगावच्या दोन खोल्यांतून तेथे राहावयास गेलेली मराठी कुटुंबे आपल्यापैकी अनेकांच्या नात्यातली आहेत. मात्र दादरचे युद्धपूर्व चित्रपोस्टकार्ड आमच्या पाहण्यात अजून आलेले नाही. कोणापाशी असल्यास आम्हांला पाहावयास द्यावे.

दुसरे महायुद्ध मुंबईच्या गोदीत आले ते १४ एप्रिल १९४४ रोजी, दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाच्या स्फोटाच्या रूपाने. त्यानंतर चारच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी गेट वेच्या कमानीखालून निघून गेली. राजाच्या आगमनाच्या स्मरणार्थ बांधलेली कमान शेवटी राज्याच्या निर्गमनास उपयोगी पडली. कार्डांवरची मुंबई तेथे संपली असे मात्र नाही. बोरीबंदर आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे; २००४ साली त्याची जागतिक वारशात गणना झाली आणि २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींनाही तो मान मिळाला. ज्या वस्तीचे कार्ड कोणी छापले नाही ती मात्र पटापट नाहीशी होत आहे. गिरण्यांच्या जागी मनोरे आले. वरळी-नायगावच्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. तेथल्या रहिवाशांना चांगली घरे मिळावीत याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण त्या चाळींची आठवण जपण्यास जागतिक संस्था येणार नाही. ती जपली गेली तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतच जपली जाईल.

आता पणजोबांच्या कार्डाकडे परत येतो. मोडी लिपी गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवीत. त्यानंतरच्या आमच्यासारख्यांना ती परकी झाली. पुण्यात एका वृद्ध मोडीवाचकांकडे आम्ही ते कार्ड घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावून दहा मिनिटांत आठ ओळी वाचून दाखविल्या. मजकूर असा होता: प्रकृती ठीक आहे. बादशहाची स्वारी येऊन गेली, कचेरीच्या कामामुळे प्रत्यक्ष पाहता आली नाही, रोषणाई मात्र पाहिली. पुढील महिन्यात चार रुपये पाठवीत आहे. थंडीचे दिवस, आईने पहाटे नदीवर जाऊ नये. चित्रात ज्या खिडकीवर खूण केली आहे तेथे आम्ही बसतो. आईस वाचता येत नाही, तरी तिला चित्र दाखवावे, म्हणजे तिला कळेल.

मोडीवाचक थांबले, आम्हीही काही वेळ बोललो नाही. एवढ्या मोठ्या इमारतीवर ती बारीक फुली का, हे आम्हांला त्या दिवशी समजले. ती इतिहासासाठी नव्हती, बढाईसाठीही नव्हती. कृष्णाकाठच्या निरक्षर आईला मुलगा कोठे बसतो ते दिसावे यासाठी होती. साम्राज्याने आपले वैभव दाखविण्यासाठी छापलेले चित्र त्या माणसाने स्वतःच्या कामासाठी वापरले. राणीच्या नावाच्या त्या राजवाड्यातील एक खिडकी त्याने शाईच्या एका थेंबाने आईच्या नावे करून टाकली.

गेल्या दिवाळीच्या रजेत मुलीला घेऊन आम्ही मुंबईस गेलो आणि महापालिकेच्या बाजूने उभे राहून खिडक्या मोजल्या. कार्डावरून अंदाज केला तर ती डावीकडून सहावी असावी; मुलीच्या मते सातवी. घड्याळाखाली एके काळी राणीचा पुतळा होता, तो आता नाही. दोन्ही खिडक्यांवर कबुतरे बसली होती. मुलीने भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले, बोटाने त्यावर फुली ओढली आणि येथे घरी राहिलेल्या आपल्या आजीस पाठवून दिले. आमच्या मातोश्रींस वाचता येते. तरी त्यांनी मजकूर मागाहून वाचला, आधी चित्रच पाहिले.

आपल्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या काळात आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी देशावरून काही ना काही आले आहे: पत्रे, लग्नपत्रिका, छायाचित्रे, एखादे चित्रपोस्टकार्ड. गावाकडचे वाडे विकले गेले, चाळी पडल्या, तिकडच्या पेट्या रद्दीत गेल्या; जे दूर धाडले होते तेवढे इकडे उरले. म्हणून आमची सर्व सभासदांस विनंती आहे की येत्या सुटीत घरातील पेटी एकदा उघडावी. जुने कार्ड किंवा छायाचित्र सापडल्यास त्यावर प्लास्टिक चढवू नये, चिकटपट्टी लावू नये. मागे कोण, कोठे, केव्हा एवढे हलक्या हाताने पेन्सिलीने लिहावे आणि ते सांगू शकणारी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवरच लिहावे. मोडी मजकूर असेल तर तो वाचून घ्यावा. मूळ वस्तू आपल्याकडेच ठेवून तिची एक प्रत मंडळाच्या ग्रंथालयात द्यावी. तेथे त्यांसाठी एक कपाट राखून ठेवण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे.

आमच्या कार्डाची प्रत त्या कपाटात पहिली ठेवली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी रविवारी सकाळी यावे. आणि सहावी खिडकी की सातवी, याचा निर्णय द्यावा. आमच्या घरात तो अद्याप झालेला नाही.